कामलेच्या निदानातील प्रमाणविचार : प्रत्यक्ष, अनुमान, युक्ती आणि आप्तोपदेश

पदार्थाचे यथार्थ ज्ञान ज्या साधनाने होते त्यास प्रमाण असे म्हणतात. आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमात हा विषय पदार्थविज्ञानाच्या अंतर्गत पहिल्याच वर्षी शिकविला जातो आणि परीक्षा संपताच बहुतेकांच्या विस्मरणात जातो. 'दर्शनशास्त्राचा रुग्णतपासणीशी काय संबंध?' असा प्रश्न अनेक वैद्य उघडपणे विचारतात. वास्तविक चरकाचार्यांनी प्रमाणांना 'परीक्षा' हाच शब्द वापरला आहे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती या चार परीक्षा सांगितल्या असून विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात त्यांचाच विनियोग रोगज्ञानासाठी केला आहे. म्हणजे प्रमाणविचार हा तपासणीचाच भाग होय.

प्रस्तुत लेखात हा विचार एकाच व्याधीच्या, म्हणजे कामलेच्या, आधाराने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. कामलेची निवड करण्यास कारण आहे. हा व्याधी डोळ्यांना सहज दिसतो, म्हणून प्रत्यक्षावर भिस्त ठेवण्याचा मोह येथे सर्वाधिक होतो. आणि नेमका येथेच केवळ दिसण्यावर विसंबल्यास अनर्थ ओढवतो.

प्रत्यक्ष : चौघांचा संयोग

आत्मा, मन, इंद्रिय आणि इंद्रियार्थ यांच्या संनिकर्षाने त्या क्षणी जे स्पष्ट ज्ञान होते ते प्रत्यक्ष. या व्याख्येत चार घटक आहेत हे ध्यानात घ्यावे. रुग्णाचा नेत्र पीत आहे, एवढ्याने वैद्यास त्याचे ज्ञान होत नाही. वैद्याचे चक्षुरिंद्रिय निर्दोष हवे आणि त्या इंद्रियाशी मनही जोडलेले हवे. गर्दीच्या वेळी एकीकडे औषधांच्या पुड्या बांधत, दुसरीकडे दूरध्वनीवर बोलत पाहिलेला डोळा हा पाहिलेला नसतोच.

शिवाय असलेली वस्तूही न दिसण्याची आठ कारणे शास्त्राने दिली आहेत. कामलेच्या संदर्भात ती पुढीलप्रमाणे पाहता येतील.

१. अतिसंनिकर्ष : रोज समोर असणाऱ्या घरच्या माणसांना हळूहळू चढणारा पिवळेपणा जाणवत नाही, चार महिन्यांनी आलेल्या पाहुण्याला तो दारातच जाणवतो.

२. अतिविप्रकर्ष : दूर असलेल्या रुग्णाने मोबाईलवर पाठविलेले डोळ्याचे छायाचित्र. कॅमेरा रंग आपल्या पद्धतीने बदलतो, हे विसरून चालत नाही.

३. आवरण : सोनोग्राफीत पित्तनलिकेचा खालचा भाग आंत्रातील वायूमुळे झाकला जातो. 'अश्मरी दिसली नाही' याचा अर्थ 'अश्मरी नाही' असा नव्हे.

४. करणदौर्बल्य : वैद्याला मोतीबिंदू असेल किंवा रंगांधत्व असेल, तर रंगाचा निर्णय दुसऱ्याच्या डोळ्यांनी करावा.

५. मनोनवस्थान : याचा उल्लेख वर झालाच आहे.

६. समानाभिहार : सारख्या वस्तूंत मिसळलेली वस्तू वेगळी दिसत नाही. औषधशाळेच्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचे कारण असून त्याचा विचार पुढे केला आहे.

७. अभिभव : सूर्यप्रकाशात तारे लोपतात. पिवळ्या दिव्याच्या उजेडात नेत्रांचा पीतवर्ण असाच लोपतो. म्हणून कामलेची परीक्षा दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ करावी. लोहकल्प किंवा मंडूर सुरू असता मल काळा होतो व मूळ मलवर्ण झाकला जातो, हेही अभिभवाचेच उदाहरण होय.

८. अतिसौक्ष्म्य : रक्तातील बिलिरुबिन साधारणपणे दर १०० मि.लि. रक्तरसात २ ते ३ मिलिग्रॅमपर्यंत वाढल्याखेरीज ते नेत्रांत दिसत नाही. प्राकृत मर्यादा सुमारे १ ते १.२ मिलिग्रॅम असल्याने, मधल्या टप्प्यात विकृती असते परंतु दृष्टीस पडत नाही.

प्रत्यक्षाने कळणारे थोडे आणि न कळणारे पुष्कळ, हा चरकांचा अभिप्राय आहे. ज्या इंद्रियांनी आपण पाहतो ती इंद्रियेच मुळात अप्रत्यक्ष आहेत, असा मार्मिक युक्तिवाद त्यांनी तेथे केला आहे.

अनुमान : त्रिकाल आणि व्याप्ती

अनुमान प्रत्यक्षपूर्वक असते व ते तिन्ही काळांना स्पर्श करते. धुरावरून वर्तमान अग्नीचे, गर्भावरून भूतकालीन मैथुनाचे आणि बीजावरून भावी फलाचे ज्ञान होते. कामलेत या तिन्हींचा उपयोग रोज करावा लागतो.

वर्तमानकालीन अनुमानाचे उत्तम उदाहरण म्हणजे रुद्धपथ कामला. नेत्र, त्वचा, नख पीत आहेत, परंतु मल मात्र तिळाच्या पिठीसारखा पांढरट आहे. ही दोन प्रत्यक्षे एकत्र आली की तिसरी, न दिसणारी गोष्ट कळते : पित्ताचा कोष्ठाकडे येणारा मार्ग कफाने रुद्ध झाला आहे. पित्तातील रंजक द्रव्य आंत्रात पोहोचले नाही तर मलाला रंग येत नाही, हे आधुनिक शारीरक्रियाही सांगते. शतकानुशतकांपूर्वी, यकृताच्या आतील मार्ग न पाहता, केवळ मलाच्या रंगावरून हा निष्कर्ष काढला गेला.

हे अनुमान चिकित्सेची दिशाच बदलते. कोष्ठशाखाश्रित बहुपित्त कामलेत मृदू, तिक्त विरेचन सांगितले आहे. रुद्धपथ कामलेत मात्र आरंभी कटु, तीक्ष्ण, उष्ण, लवण व अम्ल द्रव्ये सांगितली असून मलास पित्ताचा रंग येईपर्यंत ती द्यावयाची आहेत. तो रंग आला म्हणजे पित्त स्वस्थानी परतले असे समजून मग नेहमीची कामला चिकित्सा करावयाची. दोन रुग्णांचे डोळे सारखेच पिवळे, आणि दोघांची प्रथम चिकित्सा परस्परविरुद्ध! केवळ डोळे पाहून औषधाची पुडी बांधणाऱ्याने याचा विचार करावा. मंडूरकल्प सुरू करण्यापूर्वी मल विचारावा, शक्य तर पाहावा, ही सूचनाही यातूनच निघते. कारण नंतर ते लक्षण झाकले जाईल.

भूतकालीन अनुमान निदानपंचकातील हेतूकडे नेते. पूर्वी पांडुरोग होता काय, पित्तवर्धक आहार घडला काय, दोन ते चार आठवड्यांपूर्वी प्रवासात अथवा समारंभात दूषित पाणी घेतले काय, घरात वा वस्तीत अन्य कोणास कावीळ आहे काय, हे प्रश्न विचारावेत. भविष्यकालीन अनुमान साध्यासाध्यतेकडे नेते. तंद्रा, मोह, शोथ, नष्टाग्नी, मलमूत्राचा काळपट पीतवर्ण ही लक्षणे अशुभ मानली आहेत. काविळीच्या रुग्णाची झोप उलटीपालटी होणे, बोलण्यात असंबद्धता येणे वा रक्तस्राव होणे ही भावी संकटाची बीजे आहेत. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. गर्भिणीच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. हिपॅटायटिस ई या प्रकारात गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

अनुमानाचा प्राण म्हणजे व्याप्ती. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा नियत संबंध नसेल तर अनुमान कोसळते. हेतू साध्याखेरीज अन्यत्रही आढळत असेल तर न्यायशास्त्रात त्यास सव्यभिचार हेतू म्हणतात. 'लघवी पिवळी, म्हणून कावीळ' हे अशाच सदोष अनुमानाचे उदाहरण होय. बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमुळे मूत्र गर्द पिवळे होते. कमी पाणी पिण्यानेही होते. 'त्वचा पिवळी, म्हणून कावीळ' हेही तसेच. गाजर, पपई, भोपळा यांच्या अतिसेवनाने तळहात-तळपाय पिवळे होतात, परंतु नेत्रांचा शुक्लभाग स्वच्छ राहतो. एक हेतू व्यभिचारी असला तरी नेत्र, मूत्र, मल, अग्नी व कंडू असे पाच हेतू एकत्र पाहिल्यास निष्कर्ष बळकट होतो.

याउलट 'वेदना नाही, म्हणजे रोग साधा' हे अनुमान प्राणघातक ठरू शकते. वृद्धावस्थेत वेदनेविना वाढत जाणारी कामला, पांढरट मल, अंगाला खाज आणि वजनातील घट हा लक्षणसमूह पित्तमार्गावरील किंवा अग्न्याशयातील अर्बुदाचा असू शकतो. तेथे काढ्यावर महिना घालविणे म्हणजे शल्यतंत्राला मिळणारा अवधी हिरावून घेणे होय.

काकतालीय न्याय

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असे ठरत नाही. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ही कावीळ बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मधल्या काळात जो उपचार झाला असेल त्यास यश मिळते. मग तो वैद्याचा काढा असो, गळ्यातील माळ असो वा खेड्यांतून चालणारे 'कावीळ उतरविणे' असो. या अखेरच्या प्रकारात हात चुन्याच्या निवळीत धुतात व पाणी पिवळे होते. पाहणाऱ्यांना ते प्रत्यक्ष वाटते : कावीळ पाण्यात उतरली! वस्तुतः आंब्याच्या सालीचा रस हाताला लावलेला असला की चुन्याच्या निवळीशी त्याचा संयोग होताच पिवळा रंग येतो. निरोगी माणसाने हात धुतले तरी तोच रंग येईल. येथे पाण्याचा पिवळेपणा खोटा नाही. त्यावरून काढलेले अनुमान खोटे आहे. शिंपल्यावर रुपे भासते तेव्हा चकाकी खरीच असते, रुपे तेवढे नसते.

हा आरसा आपण स्वतःसमोरही धरला पाहिजे. भुईआवळ्याचे उदाहरण बोलके आहे. १९८८ मध्ये मद्रास येथील संशोधकांनी हिपॅटायटिस बी विषाणूच्या वाहकांवरील अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. भुईआवळा दिलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या, म्हणजे सुमारे ५९ टक्के वाहकांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठभागीय प्रतिजन नाहीसा झाला; निष्क्रिय औषध दिलेल्या २३ जणांत असा एकच आढळला. वैद्यवर्गात साहजिकच मोठी आशा निर्माण झाली. परंतु १९९० मध्ये थायलंडमधील वाहकांवर केलेल्या अभ्यासात तो परिणाम दिसला नाही आणि नंतरच्या अभ्यासांतूनही त्या पहिल्या यशाची तशी पुनरावृत्ती झाली नाही. वनस्पतीची जाती, भूमी, संग्रहाचा काळ, मात्रा, रुग्णांची अवस्था यांत भेद असू शकतो. तथापि 'भुईआवळ्याने हिपॅटायटिस बी बरा होतो' असे रुग्णास सांगण्याइतकी व्याप्ती सिद्ध झालेली नाही. भुईआवळा कामलेत उपयुक्त मानणे आणि विषाणू नष्ट झाल्याची हमी देणे या दोन भिन्न प्रतिज्ञा आहेत. दुसऱ्या प्रतिज्ञेच्या भरवशावर रुग्णाने यकृतरोगतज्ज्ञाकडील तपासण्या सोडल्या, तर दोष कोणाचा?

युक्ती

अनेक कारणांच्या संयोगातून होणारे कार्य जाणणारी बुद्धी म्हणजे युक्ती. जल, नांगरट, बीज आणि ऋतू यांच्या संयोगाने पीक येते. यांतील एकट्यास श्रेय देता येत नाही. ती स्वतंत्र प्रमाण की अनुमानाचाच भाग, यावर टीकाकारांत चर्चा आहे. स्वतः चरकही विमानस्थानात युक्तीची अपेक्षा असणारा तर्क म्हणजे अनुमान असे म्हणतात. व्यवहारात तिचे मोल वादातीत आहे. रुग्ण बरा झाला तो औषधाने, विश्रांतीने, लघू आहाराने, मद्य सोडल्याने, की कालाने? चिकित्सेचे चार पाद गुणवान असता रोग शमतो, हे चरकांनी युक्तीचेच उदाहरण म्हणून दिले आहे. वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण यांपैकी औषधालाच संपूर्ण श्रेय देणे अयुक्तिक होय, आणि अपयश आल्यास रुग्णाच्या पथ्यावर बोट ठेवून मोकळे होणे हे तितकेच अयुक्तिक होय.

गूढलिंग व्याधीत उपशय-अनुपशयाने परीक्षा करावी असे सांगितले आहे. ही देखील युक्तीच. परंतु एका वेळी पाच कल्प सुरू केले तर उपशय कोणाचा हे कळत नाही. म्हणून शक्य तेथे कल्प थोडे ठेवावेत, बदल एकेक करावा आणि प्रत्येक बदलाची तारीख रुग्णपत्रिकेत लिहावी.

आप्तोपदेश

विमानस्थानात क्रम असा आहे : प्रथम आप्तोपदेशाने ज्ञान, नंतर प्रत्यक्ष व अनुमानाने परीक्षा. मल पांढरा असण्याचा अर्थ ज्याने वाचलेला नाही, त्याच्या डोळ्यांना तो दिसूनही काही सांगत नाही. शास्त्रच पाहावयास शिकविते. दुसऱ्या बाजूने, सुश्रुतांनी शवाचे थर एकेक दूर करून शारीर पाहावयास सांगितले आणि शास्त्र व प्रत्यक्ष यांच्या एकत्र येण्याने ज्ञान वाढते असे म्हटले. आप्तवाक्य हे पाहणे थांबविण्याचे निमित्त नव्हे.

प्रयोगशाळेचा अहवाल कोणत्या प्रमाणात मोडतो, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. सोनोग्राफीच्या पडद्यावरील पांढरा ठिपका व त्यामागची काळी छाया हे प्रत्यक्ष; 'अश्मरी आहे' हे त्यावरून केलेले अनुमान, धुरावरून अग्नीसारखेच. आणि तो अहवाल आपण विश्वासाने वाचतो तेव्हा तो आपल्यासाठी शब्दप्रमाण होतो. म्हणून अहवाल देणारा आप्त आहे काय, आणि अहवाल रुग्णाच्या लक्षणांशी जुळतो काय, हे दोन्ही पाहणे प्राप्त आहे.

नामसाम्याने आप्तवाक्य कसे फसते याचे भीषण उदाहरण बेल्जियममध्ये घडले. ब्रुसेल्स येथे १९९० च्या सुमारास वजन कमी करण्याच्या उपचारात 'फांगजी' या चिनी नावाच्या एका वनस्पतीऐवजी त्याच नावाने ओळखली जाणारी ॲरिस्टोलोकिया वर्गातील दुसरी वनस्पती गेली. शंभराहून अधिक रुग्णांचे वृक्क निकामी वा विकृत झाले. हा प्रकार १९९३ मध्ये प्रकाशात आला. पुढे त्यांतील अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडील ईश्वरी, म्हणजे सापसण, याच वर्गातील आहे. जी हानी महिन्या-वर्षांनी प्रकट होते ती औषध देणाऱ्या हातास त्या दिवशी दिसत नाही. 'परंपरेने वापरतात, आजवर काही झाले नाही' हे वाक्य अशा द्रव्यांबाबत प्रमाण ठरत नाही.

औषधशाळेतील प्रमाणविचार

औषधनिर्मात्यांसाठी कामलेतील नित्याचा फलत्रिकादी क्वाथ घेऊ. त्रिफळा, गुळवेल, अडुळसा, कुटकी, किराततिक्त व निंब ही त्याची घटकद्रव्ये. किराततिक्त म्हणजे काडेचिराईत. बाजारात त्याजागी ओले किराईत मिळते. दोन्ही अतितिक्त, म्हणून जिभेची साक्ष येथे सव्यभिचार. खोड पाहावे : ओल्या किराईताचे कोवळे खोड चौधारी असते, तर काडेचिराईताच्या जाड खोडात रुंद, पिवळसर, सहज सुटणारा गर असतो. दारुहळदीचेही असेच. दक्षिणेकडे तिच्या जागी वापरली जाणारी झाडी हळद ही वेगळ्या कुळातील वेल आहे, परंतु काष्ठ पिवळे, चव कडू आणि बर्बेरिन हे द्रव्य दोन्हींत. रंग व चव यांनी भेद होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काष्ठरचना पाहावी लागते. याउलट कुड्याच्या बियांत रूप फसविते आणि रसना वाचविते : कडू इंद्रजव व गोड इंद्रजव यांतील भेद जीभ क्षणात सांगते. कोणत्या द्रव्यात कोणते इंद्रिय विश्वसनीय आणि कोणते नाही, याचा तक्ता प्रत्येक औषधशाळेत भिंतीवर असावा. आणि द्रव्य अख्खे असतानाच पारखावे. एकदा चूर्ण झाले की समानाभिहाराने सर्व मार्ग बंद होतात.

रसाचे ज्ञान जिभेवर पडताच होते, विपाकाचे कर्म पूर्ण झाल्यावर, आणि वीर्याचे द्रव्याच्या शरीरातील निवासावरून व संपर्कावरून. दंती व चित्रक दोन्ही कटुरस, कटुविपाक, उष्णवीर्य. तरी विरेचन दंतीनेच होते. गुण जुळले म्हणून द्रव्य बदलता येत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट इशारा कोणता?

भस्मपरीक्षांकडेही याच दृष्टीने पाहावे. लोह व मंडूर भस्म पांडु-कामलेत सर्रास वापरले जाते. वारितर, रेखापूर्णता, निश्चंद्रत्व या परीक्षांत जे दिसते ते प्रत्यक्ष. 'भस्म सिद्ध झाले' हे अनुमान. अतिसूक्ष्म चूर्ण पृष्ठताणामुळेही पाण्यावर तरंगते, म्हणून वारितर एकटे पुरेसे नाही; अपुनर्भव व निरुत्थ यांची जोड हवी. आणि या सर्व परीक्षा भस्म नीट झाले काय हे सांगतात; वनस्पतिद्रव्यात भूमीतून वा यंत्रातून आलेले शिसे त्यांना कळत नाही. ते अतिसौक्ष्म्य आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि साऱ्या व्यवसायाची मान खाली गेली. प्रत्येक घाण्याची जड धातूंसाठी चाचणी करून घेणे हा शास्त्रावरील अविश्वास नव्हे; प्रत्यक्षाची मर्यादा शास्त्रानेच सांगितलेली आहे.

सारांश

१. कामलेत नेत्र दिवसाच्या उजेडात पाहावेत. मल व मूत्र यांची चौकशी केल्याविना औषध देऊ नये.

२. एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नये; तेच लक्षण अन्यत्र कोठे आढळते याचा विचार करावा.

३. रुग्ण बरा झाल्यास 'औषधाविना बरा झाला असता काय?' हा प्रश्न स्वतःस विचारावा.

४. तंद्रा, मोह, रक्तस्राव, गर्भावस्था, तसेच वेदनारहित वाढती कामला असता रुग्ण स्वतःकडे अडकवून ठेवू नये.

५. कच्चे द्रव्य अख्ख्या स्वरूपात घ्यावे, प्रत्येक आवकेचा नमुना जपून ठेवावा आणि जे इंद्रियांस अगोचर आहे ते प्रयोगशाळेकडून जाणून घ्यावे.

६. नोंदी ठेवाव्यात. स्मृतीला यश तेवढे आठवते. नोंदवही दोन्ही बाजू सांगते.

ज्ञानाच्या एका भागावरून संपूर्ण ज्ञेय कळत नाही, हे विमानस्थानाचे सूत्र होय. चारही परीक्षांनी एकच निर्णय दिला तर निःशंकपणे चिकित्सा करावी. त्यांत विसंवाद असेल तर औषध लिहिण्याआधी पुन्हा एकदा रुग्णाकडे वळावे.